छोट्या रेल्वेचे मासिक : वर्गणी भरण्यापूर्वी

रत्नागिरीला रेल्वेची ओळख फार उशिरा झाली. मुंबई ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी जाण्यास मात्र २६ जानेवारी १९९८ हा दिवस उजाडावा लागला. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक रत्नागिरीकराला रेल्वे नसलेले आपले गाव चांगले आठवते. एसटीच्या घाटप्रवासावर वाढलेल्या त्या पिढीचे रुळांविषयीचे कुतूहल अजून पुरते ओसरलेले नाही. दुकानाचा भार मुलांनी उचलल्यावर दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळालेला एखादा गृहस्थ छोट्या रेल्वेच्या छंदाकडे वळू पाहतो, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा हेच कुतूहल असते. शेजारी एखादा नातू किंवा नात उभी असेल, तर त्याला निमित्तही मिळते.

हा छंद म्हणजे चावीची आगगाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या ठरावीक प्रमाणात केलेली इंजिने आणि डबे, त्याच प्रमाणातले रूळ, फलाट, सिग्नल, डोंगर आणि पूल एका मोठ्या फळीवर मांडून त्यावर वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवणे असे त्याचे स्वरूप आहे. सुतारकाम, वीजजोडणी, रंगकाम, भूगोल आणि थोडे गणित या सर्वांची त्यात गरज पडते. ही कामे शिकवणारे कोणी रत्नागिरीसारख्या गावात सहसा जवळ नसते. तेथे गुरूची जागा मासिकाला घ्यावी लागते. म्हणूनच मासिकाची निवड ही या छंदातील पहिली आणि सर्वांत परिणामकारक खरेदी ठरते. ती चुकली की छंदाचे रूपांतर निव्वळ खरेदीत होते, महागडी इंजिने खोक्यांसह कपाटात जातात आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले मूल एका पावसाळ्यात कंटाळून उठून जाते. तोट्यात जातात ते केवळ पैसे नव्हेत.

आधी पाहणे, मग वाचणे

व्यापारात नमुना पाहिल्याशिवाय कोणी गोणी उतरवून घेत नाही. येथेही तोच नियम लावावा. महाराष्ट्रात या छंदाचा उत्तम नमुना पुण्यात आहे. कोथरूड येथील जोशी यांचे लहान रेल्वेंचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली त्याच वर्षी. भाऊ जोशी यांनी स्वतःच्या हौसेपोटी जमवलेल्या आणि उभारलेल्या छोट्या गाड्यांतून ते आकाराला आले. एका दालनात मांडलेले नगर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, पेटणारे-विझणारे सिग्नल आणि मंदावणारा प्रकाश पाहिल्यावर नवागताला तीन गोष्टी कळतात : यासाठी जागा किती लागते, देखभाल किती लागते, आणि आपल्याला नेमके काय आवडले. कोणाला धावती गाडी आवडते, कोणाला सिग्नलची शिस्त, तर कोणाला डोंगर आणि घरे उभारणे. हे तिसरे उत्तर हाती आल्याशिवाय मासिक निवडू नये, कारण प्रत्येक मासिकाचा कल यांपैकी एकाकडे थोडा अधिक झुकलेला असतो.

देशोदेशीची मासिके

या छंदाची नियमित मासिके प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या देशांतून निघतात. अमेरिकेतील ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक मिलवॉकी शहरातून जानेवारी १९३४ मध्ये अल काल्मबाख यांनी सुरू केले. महामंदीच्या दिवसांत निघालेले हे मासिक नव्वद वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रुळांचे आराखडे, वीजजोडणीच्या आकृत्या आणि एखाद्या मार्गावर खऱ्या रेल्वेप्रमाणे वाहतूक कशी चालवावी, याविषयीचे लेख हे त्याचे बलस्थान मानले जाते.

ब्रिटनमधील ‘रेल्वे मॉडेलर’ १९४९ पासून निघते. डेव्हन परगण्यातील बिअर या समुद्रकाठच्या गावातून ‘पेको’ ही संस्था ते चालवते. तीच संस्था छोट्या गाड्यांचे रूळही बनवते. याच संस्थेचे ‘कॉन्टिनेंटल मॉडेलर’ हे दुसरे मासिक १९७९ पासून ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंना वाहिलेले आहे. ब्रिटनमध्येच १९८५ पासून निघणारे ‘मॉडेल रेल्वे जर्नल’ अत्यंत बारकाव्याने काम करणाऱ्या मुरलेल्या कारागिरांचे आहे. ते पाहून मन प्रसन्न होते, परंतु पहिल्याच वर्षी ते हाती धरल्यास नवागताचा धीर सुटण्याचा संभव अधिक. जर्मनीतील मार्कलिन हा जुना उत्पादक स्वतःचे ‘मार्कलिन मागाझिन’ १९६५ पासून काढतो.

येथे व्यापारी माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही : जो माल बनवतो तोच मासिक काढत असेल, तर त्यातील सल्ला उपयुक्त असू शकतो, पण पूर्ण तटस्थ असत नाही. मार्कलिनचेच उदाहरण घ्यावे. या कंपनीची एचओ प्रमाणातील पद्धत रुळांच्या मध्यभागी असलेल्या विद्युतस्पर्शावर चालते. इतर बहुतेकांची पद्धत दोन रुळांतून वीज नेण्याची आहे. एका पद्धतीचे इंजिन दुसऱ्या पद्धतीच्या रुळांवर सरळ चालत नाही. उत्पादकाचे मासिक वाचून सुरुवात करणारा पुढे त्याच उत्पादकाचा बांधील ग्राहक होतो. ते जाणून स्वीकारण्यास हरकत नाही. अजाणता स्वीकारू नये.

आपल्या रुळांचे मासिक नाही

रत्नागिरीच्या नवागताची खरी अडचण याहून वेगळी आहे. भारतीय रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी या मासिकांच्या तोडीचे नियमित मासिक उपलब्ध नाही. परदेशी मासिकांतील सर्व आराखडे त्यांच्या गाड्यांसाठी असतात. हा फरक आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते.

जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण एचओ हे होय, म्हणजे १:८७. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, कारण युरोप-अमेरिकेतील खऱ्या रुळांचे अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे. त्याला ८७ ने भागल्यास सुमारे सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे भारतीय गाडीची एचओ प्रतिकृती बाजारातील तयार रुळांवर ठेवली, की ते रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद ठरतात. बहुतेक हौशी लोक ही तडजोड स्वीकारतात आणि त्यात काही गैर नाही. परंतु ती तडजोड आहे, हे कोणतेही परदेशी मासिक त्यांना सांगत नाही.

दुसरा आकडा डब्याचा. कोकण रेल्वेवर धावणाऱ्या मांडवी एक्स्प्रेससारख्या गाडीचे एलएचबी डबे सुमारे २४ मीटर लांबीचे असतात. एचओ प्रमाणात असा एक डबा सुमारे साडेसत्तावीस सेंटीमीटर होतो आणि वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटर. एवढी तर दिवाणखान्याची भिंतही नसते. अमेरिकन मासिकांतील नवागतांचे आराखडे बहुधा आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडवर बसवलेले असतात. सुदैवाने आपल्याकडेही प्लायवुड त्याच मापाचे मिळते. त्या आराखड्यांतील वळणाची त्रिज्या सामान्यतः अठरा इंच, म्हणजे सुमारे सेहेचाळीस सेंटीमीटर असते. जाणकारांचा अंदाज असा की, वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीच ते तीन पट असावी. आपल्या डब्याच्या तिप्पट म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी सेंटीमीटर. अशा वळणाचे पूर्ण वर्तुळ चार फूट रुंदीच्या फळीवर मावतच नाही. मासिकातील आराखडा चुकीचा नसतो. तो आखूड मालडब्यांसाठी आखलेला असतो.

हाच हिशेब एन या लहान प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, करून पाहावा. डबा पंधरा सेंटीमीटरचा होतो, तिप्पट त्रिज्या पंचेचाळीस सेंटीमीटर होते आणि वर्तुळ त्याच फळीवर आरामात बसते. मात्र एवढ्या लहान प्रमाणात भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती मिळणे अधिक कठीण, आणि वयस्क बोटांना व डोळ्यांना ते काम अधिक कष्टाचे. निर्णय ज्याने त्याने घ्यायचा. परंतु प्रमाण ठरल्यावर मासिक निवडावे, मासिकातील चित्रे पाहून प्रमाण ठरवू नये.

रत्नागिरीजवळच या हिशेबाचा आनंद देणारी दोन उदाहरणे आहेत. निवसरच्या वाटेवरचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. एचओ प्रमाणात तो जवळपास पाऊण मीटर उंच आणि पावणेपाच मीटरहून अधिक लांब होईल. एन प्रमाणात तो चाळीस सेंटीमीटर उंच आणि सुमारे २ मीटर ६५ सेंटीमीटर लांब होतो. हे एका भिंतीलगत शक्य आहे. उक्षी आणि भोके यांच्यामधील साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा मात्र एचओमध्येही सुमारे पंचाहत्तर मीटर भरेल. तेव्हा तो दोन हात लांबीचा करून उरलेला अंधार नातवाच्या कल्पनेवर सोपवावा लागतो. काय गाळावे आणि काय ठेवावे, हे शिकवणारे लेख ज्या मासिकात अधिक, ते मासिक भारतीय वाचकाच्या अधिक कामाचे.

जागा फारच कमी असेल, तर अरुंद रुळांच्या रेल्वेकडे वळावे. या प्रकाराला ब्रिटनमध्ये मोठा वाचकवर्ग आहे आणि त्याचे एक मूळ महाराष्ट्रात आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर उभारली. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या मार्गासाठी तेथील लोकांनी याच कॅलथ्रॉपचा आणि त्याच्या बार्शीच्या अनुभवाचा आधार घेतला. ती इंग्रजी रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली, तरी तिच्या प्रतिकृती तेथील हौशी लोक आजही करतात. बार्शीच्या बाजारपेठेशी पिढ्यान्पिढ्या व्यवहार असलेल्या कुटुंबांना, आपल्या धान्याच्या गाड्यांनी इंग्लंडला काही शिकवले, हे ऐकून समाधान वाटेल. नेरळ-माथेरानची १९०७ ची दोन फुटी रेल्वेही याच जातीची.

वीज, दमट हवा आणि आयात शुल्क

परदेशी मासिक वाचताना तीन गोष्टी मनात सतत बदलून घ्याव्या लागतात.

पहिली वीज. अमेरिकेत घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. तेथील प्रारंभिक संचाचा वीजपुरवठ्याचा डबा केवळ त्यांच्या व्होल्टचा असल्यास तो येथे सरळ लावणे म्हणजे जाळून घेणे होय. डब्यावरील आकडे वाचल्याशिवाय तो भिंतीतील खटक्यास जोडू नये. ब्रिटिश आणि जर्मन संचांचा व्होल्ट आपल्याशी जुळतो, फक्त पिनांचा आकार वेगळा असतो. रुळांत खेळणारा प्रवाह साध्या पद्धतीत बारा व्होल्टचाच असल्याने मुलांना तेथे धोका नसतो. काळजी घ्यावयाची ती भिंतीच्या बाजूची.

दुसरी हवा. परदेशी लेखकाचे टेबल कोरड्या, उबदार तळघरात असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा वर्षभर असते. पोलादी किंवा पितळी रुळांवर लवकर थर चढतो आणि इंजिन अडखळू लागते. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ त्या मानाने टिकतात. त्याच्या नावात चांदी असली तरी धातूत नसते. फळीसाठी आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लायवुड घ्यावे. साधी फळी दुसऱ्या पावसाळ्यात वाकते आणि तिच्याबरोबर रूळही वाकतात. छापील अंकही उघड्या फडताळात ठेवल्यास बुरशी धरतात.

तिसरी गोष्ट आयात शुल्काची. मासिकाच्या निम्म्या पानांवर सुंदर इंजिनांच्या जाहिराती असतात आणि त्यांच्या किमती पाउंडांत किंवा डॉलरांत लिहिलेल्या असतात. खेळणी आणि लहान प्रमाणातील प्रतिकृती आयात शुल्काच्या एकाच शीर्षकाखाली येतात. या शीर्षकावरील शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर तपासावा. जाहिरातीतील किंमत, त्यावर वाहतूक, मग शुल्क आणि कर असा हिशेब मांडला की बरेचसे आकर्षण आपोआप शमते. अशा वाचकाला जाहिरातींनी भरलेल्या मासिकापेक्षा पुठ्ठा, लाकूड, तारा आणि रंग यांतून काही घडवायला शिकवणारे मासिक अधिक परवडते.

वर्गणीचा हिशेब

आता पैशाची बाजू. परदेशी छापील अंकात टपालखर्चाचा वाटा मोठा असतो आणि अंक पोहोचण्यास आठवडे लागतात. डिजिटल अंक त्याच दिवशी मिळतो, स्वस्त पडतो, आणि आराखडा मोठा करून पाहता येतो. ज्यांना हातात कागद हवा, त्यांनी लागेल तेवढे पान छापून घ्यावे. नातवंडांनी चाळावा म्हणून वर्षातून एखादा छापील अंक मागवला, तर तो खर्च सत्कारणी लागतो.

परकीय चलनात कार्डाने पैसे भरताना अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार घेतात आणि त्या अधिभारावर अठरा टक्के जीएसटी लागतो. वर्गणी पाच हजार रुपयांची धरल्यास अधिभार १७५ रुपये, त्यावरील कर साडेएकतीस रुपये, म्हणजे एकूण २०६ रुपये ५० पैसे वाढीव जातात. रक्कम लहान आहे, परंतु ती आधी माहीत असावी.

अधिक महत्त्वाचे आहे ते आपोआप होणारे नूतनीकरण. पहिल्या वर्षाची वर्गणी सवलतीची आणि पुढच्या वर्षाची पूर्ण दराची, ही प्रथा सर्वत्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या वजावटीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळावी लागते. ती सूचना न वाचता पुसून टाकू नये. त्याहून सोपा उपाय म्हणजे वर्गणी भरल्याच्या दिवशीच तिच्या अखेरची तारीख वहीत लिहून ठेवणे. दोन किंवा तीन वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास मोठी सूट देऊ करतात. नवागताने ती सूट नाकारावी. ज्या छंदाचे अजून एक वर्ष झालेले नाही, त्याची तीन वर्षांची उचल घेणे शहाणपणाचे नाही.

निवडीचा क्रम

एकंदर क्रम असा असावा. प्रथम एखादी उभी केलेली मांडणी प्रत्यक्ष पाहावी. मग घरातील जागा फूटपट्टीने मोजावी आणि प्रमाण ठरवावे. त्यानंतर दोन किंवा तीन मासिकांचा एकेक सुटा डिजिटल अंक घ्यावा आणि एक पूर्ण आठवडा तो वाचावा. वाचताना तीन प्रश्न विचारावेत. यातील कोणता लेख आपल्या टेबलावर करून पाहता येईल? त्यासाठी लागणारे साहित्य रत्नागिरी, कोल्हापूर किंवा फार तर पुणे-मुंबईत मिळेल काय? आणि लेखकाने अडचण कोठे आली व ती कशी सोडवली हे सांगितले आहे, की केवळ पूर्ण झालेल्या कामाची छायाचित्रे छापली आहेत? ज्या अंकाला तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देता येतील, त्याचीच एक वर्षाची वर्गणी भरावी. आराखडे आणि वाहतुकीची शिस्त यांची आवड असणाऱ्याला बहुधा अमेरिकन मासिक मानवेल. थोड्या जागेत, हाताने काम करणाऱ्याला ब्रिटिश मासिक जवळचे वाटेल. वेगवेगळ्या देशांच्या रेल्वे पाहून भारतीय मांडणी रचू पाहणाऱ्याला ‘कॉन्टिनेंटल मॉडेलर’ उपयोगी पडेल.

यांच्या जोडीला खऱ्या भारतीय गाड्यांची माहिती देणारे वाचन हवे. रेल्वे मंडळाचे ‘भारतीय रेल’ हे हिंदी मासिक १९६० पासून निघते. त्यात प्रतिकृतींची कृती सापडणार नाही, पण आपण ज्याची प्रतिकृती करणार ती रेल्वे कशी चालते हे कळते. आणि सर्वांत उत्तम पाठ विनामूल्य आहे. रत्नागिरी स्थानकावर नातवाला घेऊन अर्धा तास उभे राहावे. गाडीच्या डब्यांचा क्रम, सिग्नलची जागा, फलाटाच्या छपराचा उतार आणि जांभ्या दगडाचा रंग वहीत टिपावा. मालगाडीच्या सपाट वाघिण्यांवर भरलेले ट्रक घेऊन जाणारी कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. छोट्या फळीवर उभी करण्यास इतकी सोपी आणि इतकी आपली गाडी दुसरी सापडणे कठीण.

वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचा निर्णय एका साध्या मोजणीवर करावा. बारा अंकांतून किती गोष्टी टेबलावर प्रत्यक्ष करून पाहिल्या? तीन झाल्या असतील, तर मासिकाने आपले काम केले. वर्गणी पुढे चालू ठेवावी. एकही झाली नसेल, तर मासिक बदलावे किंवा काही महिने थांबावे. आणि ही मोजणी आजोबांनी एकट्याने करू नये. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यालाही विचारावे, कारण पुढच्या वर्षीचा अंक त्याने आपणहून उघडावा, यासाठीच ही वर्गणी आहे.